वल्ह्याला लावलेला कान
ओल्या लाकडाला सुक्या बोंबलांचा वास लागला, की मला थळच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवते. घोळ माशांचा थवा खाली असला की पाण्यातून घुरघुर येते. वल्हं पाण्यात सोडून दांड्याला कान लावला की ती ऐकू येते. माझ्या धाकट्या भावाला त्या वर्षी ती सगळ्यांच्या आधी ऐकू येऊ लागली. "पोराचा कान तयार झाला हाय," वडील गावभर सांगत होते. त्याने दाखवलेल्या जागी जाळं रिकामं आलं, तरी वडील तेच सांगत राहिले. मग तो अंगणातच, कोरड्या जमिनीवर वल्हं टेकवून ऐकत बसू लागला. आई भगताकडे निघाली होती. त्याआधी मी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना घरी आणलं. बोंबील वाळत होते, माश्या घोंगावत होत्या. बाई त्याच्या शेजारी जमिनीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "काय सांगतात ते मासे?" आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं. वल्ह्यावरचा कान न काढता तो म्हणाला, "एकेकाला नाव घेऊन खाली बोलवतान. आयला पयली." आईच्या हातातली टोपली हातातच राहिली. "लवकर बोलावलंत ते बरं केलंत," जाताना बाई म्हणाल्या, "सुरुवातीलाच औषध मिळालं की पोरं सावरतात." तो सावरला. गोळ्या घेतो, होडीवर जातो, हसतो. वल्ह्याला मात्र कान लावत नाही. परवा अंगणात कोणी नाही असं पाहून मी लावला. आत काहीच नव्हतं. तरी आता माझं नाव येईल असं वाटून मला कान काढवेना.