व्हुकाशिनची टोपी

चाळीस वर्षं आमच्या मठाचे दगड बसवणारा व्हुकाशिन मिस्त्री प्रार्थनेला आत येतच नसे. चर्चच्या पुढच्या दालनात भिंतीला टेकून उभा राही आणि संपलं की मुकाट्याने निघून जाई. मी इथली संन्यासिनी, स्वयंपाकघर माझ्याकडे. मला त्याचा रागच यायचा. देवाशी कसलं भांडण?

भांडण नव्हतं, भीती होती. ते दालन तुर्कांनी जाळल्यापासून उघडंच पडलेलं. कामाला लागला त्याच वर्षी ढिगारा उपसताना व्हुकाशिनला बाकदार दगड सापडले. इथे घुमटच असणार, असं ताडून त्याने एकट्याच्या हिमतीवर तो उभा केला. नकाशा नाही, पुरावा नाही. गावाने नाव ठेवलं, व्हुकाशिनची टोपी.

यंदा शहरातून तज्ज्ञ आले. भिंतींवरचा जुना चुना धुऊन खालची चित्रं उघडी करायची आणि चर्च मूळ रूपात आणायचं, असं त्यांचं काम. त्यांच्या साहेबाने वर पाहून सांगितलं, "मुळात घुमट एकच होता, आतला मोठा. ही टोपी सोमवारी उतरवू."

व्हुकाशिन एवढंच म्हणाला, "तुम्ही शिकलेली माणसं."

शुक्रवारी मी पीठ मळत होते, तेवढ्यात चर्चमधून आरडाओरडा ऐकू आला, तशीच गेले. दक्षिणेच्या भिंतीवर चुन्याखालून चर्च बांधणाऱ्या सरदाराचं चित्र निघालं होतं. आमच्याकडे बांधणाऱ्याला असाच रंगवतात, आपलं चर्च इवलंसं करून तळहातावर घेऊन ख्रिस्ताला देताना. मी त्याच्या तळहाताकडे पाहिलं आणि पिठाच्या हातांनीच बाहेर धावले.

"मिस्त्री, आत चला!"

"मी नाही येत, ताई."

"चला म्हणते ना! की कान धरून नेऊ?"

बाही धरून ओढतच नेलं त्याला. सरदाराच्या हातातल्या चर्चला दोन घुमट होते, मागे मोठा, पुढे धाकटा. साहेब चष्मा पुसत बसले होते.

"काय हो साहेब, ही टोपी कुणी घातली?" मी विचारलं. राहवलंच नाही मला.

व्हुकाशिन मात्र ढसाढसा रडत होता.

"अहो, रडता काय? जिंकलात की!"

"जिंकलो कसला, ताई! चाळीस वर्षं वाटायचं, देवाच्या घरात मी माझंच काहीतरी घुसडलंय. सुटलो एकदाचा! ते माझं नव्हतंच."