मासवडीचा घास

माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि त्याचं कारण माझ्याआधी सगळ्यांना कळलं होतं. सासू म्हणायची, नखरे. गावातले डॉक्टर म्हणाले, पित्त. गोळ्यांनी फरक पडेना, तर म्हणाले, टेन्शन. प्यालेलं पाणी टेन्शनने नाकातून परत येतं का, असं विचारलं तर मीच उद्धट ठरले.

तेही सोसलं असतं. पण मी शिकवते त्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणीने डिंगोऱ्याला घर बांधलं. बुद्धवंदना झाली, पंगत बसली. आमच्या भागात पाहुण्याला रस्सा-मासवडी वाढतात, आणि ‘पुरे’ कुणी ऐकून घेत नाही. मैत्रिणीच्या आईने ताटात बेसनाची ती भरली वडी ठेवली. पहिलाच घास छातीत अडकला. मी घरामागे जाऊन तो ओकून टाकला. वळले तर तिच्या आई मागच्या दारात उभ्या.

“आमच्या घरचं उतरत न्हाई व्हय? मग यायचंच कशाला, बाई?”

त्या बौद्ध, मी मराठ्यांच्या घरातली. त्यांना काय वाटलं ते कळलं, आणि तसं का वाटलं तेही. मैत्रीण शाळेत बोलेनाशी झाली. मला भयंकर राग आला, त्या दोघींचा नाही, या नरड्याचा. माझं जेवण खाल्लंस ते खाल्लंस, आता माणसंही तोडतोस?

पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेले. तिथेही पित्ताची गोळी लिहायला घेतली, तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच नाही. म्हटलं, “पाणीसुद्धा अडकतं. आडवी झाले की खाल्लेलं तोंडात येतं. कारण सांगा, मग उठते.”

मग पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका फुगली होती. तिच्या खालच्या टोकाचा स्नायू घास आला तरी सैल पडत नव्हता. नाकातून नळी घालून तपासलं, तेच निघालं. दुर्बिणीने ऑपरेशन करून तो स्नायू कापला.

बरी झाल्यावर न बोलावता डिंगोऱ्याला गेले.

“आई, मासवडी करा. त्या दिवशीचा घास राहिलाय माझा.”

सगळी हकिगत सांगितली. त्यांनी उठून बेसन काढलं. वाढून समोर बसल्या. मैत्रीण दाराशी उभी. मी सावकाश चावलं, वर पाणी प्यायले. आई ताटाकडे नाही, माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

“उतरला?”

“उतरला.”

त्यांनी डोळे पुसले आणि आणखी दोन वड्या माझ्या ताटात टाकल्या.

“आता पुरं म्हनलीस तरी आयकायची नाय मी.”