मोगऱ्याचं पाणी, निंबाचं पाणी

आमच्या जळगावच्या घराचं तोंड पश्चिमेला आहे. मार्च लागला की दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट दारात असतं. ओट्यावर कपडे वाळत घालायचे तरी चप्पल घालून जावं लागतं.

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना, म्हणजे आबांना, आम्ही चोपड्याहून इकडे आणलं. तिथलं घर मोठं, पण माणूस एकटा, आणि एकदा चक्कर येऊन पडलेला. मला कामं यादीत मांडल्याशिवाय चैन पडत नाही. आबांच्या गोळ्या, पथ्य, डोळ्यांची तपासणी, सगळं पहिल्याच आठवड्यात फ्रिजवर लागलं. यादीत बसेना ती त्यांची दुपार. कूलरची हवा त्यांना सोसत नाही, टीव्हीसमोर बसवत नाही. जन्मभर दुपार त्यांनी मळ्यातल्या कडुनिंबाखाली काढलेली. आमच्या ओट्यावर खुर्ची टाकली की लगेच पोळून आत यायचे, आणि आत आले की पुन्हा बाहेर.

"अठे बसाले जागाच नही, पोरी," ते म्हणाले. "मना निंब तठे शे. मी जास चोपडाले."

"तिथे तुम्हाला पाणी द्यायला कोण आहे, आबा?"

"पानी रांजनमा शे."

नवरा म्हणाला, "पत्र्याचं शेड टाकू. दोन दिवसांत काम होईल."

"मग पत्र्याखाली तूच बस," मी म्हटलं आणि कडुनिंबाचं रोप आणलं. आबा परत गेले तर पुढच्या वेळी चक्कर आल्यावर त्यांना उचलायला कोणी नसेल, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. सावलीवाचून ते जाणार असतील, तर सावली करायची.

फरशी न घातलेली जमीन आमच्याकडे कुंपणाच्या आत एकच पट्टी. तिथे माझा मोगरा होता. धुळ्याला माहेरच्या अंगणातून फांदी आणून लावलेला, उन्हाळ्यात रोज ओंजळभर फुलं देणारा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला खड्डा घेतला, मुरूम काढून काळी माती आणि शेणखत भरलं, निंब लावला. ठिबकची नळी आबांनी स्वतः ओढली. आमच्याकडे पाणी द्यायचं म्हणजे ठिबकनंच, त्यात कोणाला शंका येत नाही. आबांनी तर सगळी केळी त्यावर काढलेली.

"केळीले देतस तसंच," ते म्हणाले. "थेंबबी वाया जास नही."

माझ्या यादीत एक ओळ वाढली: मोगरा आणि निंब, रोज संध्याकाळी अर्धा तास.

दोघंही तरारले. निंब वर्षभरात कुंपणावर गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीवर. शेजारणी विचारायच्या, खत कोणतं घालता? मी ऐटीत सांगायची, खत नाही, वेळापत्रक.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं. केळीच्या बागा आडव्या करतं, तसलं. अर्धा तास वारा, नंतर चार टपोरे थेंब. बाहेर येऊन बघते तर निंब मोगऱ्यावर आडवा. आबा उकिडवे बसले आणि उघडी पडलेली मुळं हातानं चाचपू लागले. सगळी मुळं ठिबकच्या तोटीखाली, वीतभर मातीत, गोळा होऊन बसलेली. खाली माती कोरडी ठाक, तिकडे एकही मूळ गेलेलं नव्हतं.

"आपण याले केळीच समजनूत," ते म्हणाले. "वरच बठ्ठं पानी भेटे, मुळं खाले कसाले जातीन?"

मग हात झटकून आत गेले आणि पिशवीत धोतर-टॉवेल भरू लागले.

मी दारात उभी राहिले. "आबा, जायचं तर जा. पण आधी हे उभं करायला हात लावा. एकटीनं होणार नाही."

त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. शेजारून पहार आणली, निम्म्या फांद्या छाटल्या, नवऱ्याला हाक मारून तिघांनी मिळून झाड सरळ केलं. तीन बाजूंनी बांबू लावले, जुन्या साडीच्या पट्ट्यांनी सैल बांधलं. घट्ट बांधलं की खोड बांबूच्याच जिवावर राहतं, हे आबांचं सांगणं.

त्या आठवड्यात मी ती एक ओळ खोडून दोन ओळी केल्या. मोगऱ्याला दिवसभर ऊन हवं, उन्हाळ्यात रोज पाणी, बहर संपला की छाटणी, मग खत. एक दिवस विसरलं तर संध्याकाळी कळ्या माना टाकतात. निंबाला ठिबक बंद. खोडापासून लांब मोठं आळं, आठवड्यातून एकदा, रविवारी, ते काठोकाठ भरायचं, मग हात लावायचा नाही. पाणी खोल गेलं की मुळंही मागोमाग जातील. झाड पसरेल तसं आळं बाहेर सरकवायचं, पुढे पाण्याचे दिवसही लांबवायचे. आणि निंब मोठा झाला की त्याच्या सावलीत मोगरा फुलणार नाही. म्हणून पावसाळ्यात तो उचलून गच्चीवर मोठ्या कुंड्यांत नेला. एक हंगाम रुसला, मग फुलला.

अवघड गेलं ते निंबाला हात न लावणं. वरची पानं पिवळी पडली की माझा हात नळीकडे जायचा. एकदा आबांनी कॉकवरच हात ठेवला.

"तहानमा राहू दे त्याले. आन मालेबी राहू दे जरासा. दर घंटाले इचारस, आबा पानी, आबा चहा, आबा गोळी. मी काय मोगरा शे का?"

नवऱ्याच्या हातातला चहा हसून हसून सांडला. मला हसू आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून निंबाचं पाणी आबांच्या हवाली केलं आणि दुपारचं विचारणं बंद केलं. गोळ्या मात्र मी सोडल्या नाहीत. त्या मोगऱ्याच्या ओळीत आहेत.

कोपऱ्यातली पिशवी तशीच भरलेली राहिली. मी ती रिकामी केली नाही, त्यांनी उचलली नाही.

या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांनी ती उचलली. सणाला गावी जातो म्हणाले. मी सांजोऱ्यांचा डबा दिला, गोळ्या दिल्या, परत कधी येणार हे विचारलं नाही. जीभ आवरणं फार जड गेलं. दोन दिवस मी ओटा नको इतका धुतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी केळीचा टेम्पो दारात थांबला. ड्रायव्हरशेजारून आबा उतरले, आणि मागून घडांवर उलटी ठेवलेली त्यांची बाज उतरवली. मळ्यातली, निंबाखालची.

"सांभाळीसन," ते ड्रायव्हरला म्हणाले, "सुतळी नवी शे."

बाज झाडाखाली टाकली. आबा आडवे झाले. सावली गुडघ्यांपर्यंत पुरली, पावलं उन्हात. त्यांनी पिशवीतलं धोतर उशाला घेतलं, टॉवेल पावलांवर टाकला आणि रिकामी पिशवी माझ्याकडे दिली.

"पाय अजून उनमा शेतस," ते म्हणाले.

"दोन उन्हाळे लागतील, आबा."

"लागू दे," म्हणून त्यांनी डोळे मिटले. मी पिशवी धुवायला टाकली. रविवार होता, आळं त्यांनी संध्याकाळी स्वतः भरलं.