पुन्हा उतरताना

वाडीतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी विमान चालवायला शिकते. ती कधी खुर्चीत टेकत नाही. माझ्या दारातच उभ्याने चहा पिते आणि बोलताना तिचा तळहात हवेत वळत, झुकत राहतो.

हिवाळ्यात एकटीने उतरताना तिचं छोटं विमान धावपट्टीवर आपटून उसळलं. पुढचं चाक मोडलं आणि विमान घसरत गवतात गेलं. तिच्या हनुवटीला टाके पडले. "आता बस झालं," तिची आई रडत म्हणाली.

पुन्हा उडायची परवानगी मिळाली त्या सकाळी ती माझ्याकडे आली. "काकू, चाला ना माझ्यासंग. आईले नका सांगू."

मी धावपट्टीच्या कुंपणापाशी उभी राहिले. या वेळी तिच्या शेजारी शिक्षक होते. तरी विमान अगदी खाली आलं आणि न टेकताच वर गेलं. दुसऱ्या खेपेला मात्र ते टेकलं, धावलं, थांबलं.

ती उतरली, भिंतीआड गेली आणि ओकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काहून करून राहिली वं एवढं?" मी विचारलं.

तिने तोंड पुसलं आणि शिक्षकांना हाक मारली, "सर, अजून एकदा जाऊ या?"