ठिगळवाल्याची रजा

ठिगळवाला हे नाव त्याला बायकोनेच दिलेलं, आणि तिचं काही चुकलं नाही. वाचनालयातले कॉम्प्युटर हा बघायचा. पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं आणि हवं तसं बदलावं. ग्रंथपाल बाईंना अक्षरं बारीक दिसतात? लाव ठिगळ. यादी उलटी हवी? लाव ठिगळ. पण मूळ मंडळींनी नवी आवृत्ती काढली रे काढली, की सगळी ठिगळं उसवायची आणि स्वारी पुन्हा शिवायला बसायची. मग कसली रजा नि कसलं काय! परगावच्या लेकीची मुलगी रांगायला लागली, तरी आजोबांनी तिला मांडीवर घेतलेलं नव्हतं. त्याचं त्याला फार लागायचं.

"अहो, ती ठिगळं त्या मूळ लोकांनाच देऊन टाका की! सांभाळतील तेच," बायको म्हणाली.

"माझी अक्कल फुकट वाटू?"

"त्यांची फुकट घेतलीत, तेव्हा नाही लाजलात!"

चडफडत त्याने सगळं गाठोडं पाठवून दिलं. तिकडचा मुख्य माणूस महाखडूस. म्हणे, एकेक बदल वेगळा करा, आणि बदलांवरच्या टिपा आम्हाला कळतील अशा भाषेत लिहा. ठिगळवाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि निमूटपणे सगळं नव्याने करून दिलं. पहिलं गाठोडं मात्र त्यांच्या साइटवर तसंच राहिलं. तिथलं काही पुसता येत नाही.

पुढची आवृत्ती आली आणि एक टाका उसवला नाही! गडी हवेतच. रजेचा अर्ज घेऊन थेट बाईंच्या खोलीत.

बाई कॉम्प्युटरला नाक लावून बसल्या होत्या. "आपलं काम जगभर वापरतात म्हणे. म्हटलं, बघू तरी. हे तुमचं पहिलं गाठोडं ना?"

ठिगळवाल्याने अर्ज पाठीमागे लपवला. त्यातल्या टिपा अस्सल मराठीत होत्या, आणि अगदी मनापासून लिहिलेल्या.

बाईंनी सावकाश वाचलं, "'थेरडीला दिसत नाही, पण चष्मा बदलेल तर शपथ! म्हणून अक्षरं मोठी केली.'"

संपलं, तो मनात म्हणाला. आता नात लग्नातच भेटायची.

बाईंनी हात पुढे केला. "आणा तो अर्ज. आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवा. थेरडीला दिसत नाही."