लॉजवर उतरणारे मामा

नाशकात जवळच्या नात्यातली चार घरं असताना लॉजवर उतरणारा माणूस अख्ख्या कळवण तालुक्यात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा. इंदिरानगरला आमच्याकडे, सिडकोत मेहुण्याकडे, कुठेही त्यांच्यासाठी गादी तयार असते. मामा मात्र बसमधून उतरले की पिशवी काखेत मारून थेट शालिमारजवळच्या बोळात शिरतात. तिथला लॉज तीन मजल्यांचा. लिफ्ट नाही, खाली चपलांचं दुकान, आणि गरम पाणी सकाळी सात ते नऊ. मामा त्याला लॉज म्हणत नाहीत, 'आपलं हॉटेल' म्हणतात.

खोली ते मुलगी बघायला गेल्यासारखी बघतात. दार तीनदा लावून उघडणार, पलंगावर बसून डावीउजवीकडे डुलणार, उशीचा वास घेणार. तीन खोल्या बघून झाल्या की पहिलीच पसंत करणार आणि तिला पिशवीतून आणलेलं स्वतःचं कुलूप लावणार. एकदा मॅनेजर न राहवून म्हणाला, "काका, आमचं कुलूप चांगलं आहे की."

"आसंल. पण त्याची किल्ली तुमच्याकडंबी हाय," मामा म्हणाले.

रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना असतो. लोक तिथे 'काम' लिहून मोकळे होतात. मामांनी पहिल्याच खेपेला लिहिलं, 'कांदा चाळीत भरून झाला, चष्म्याचा नंबर बघणे, भाचीकडे जेवायला जाणे, जमल्यास पंप दुरुस्ती.' हा मजकूर खालच्या दोन गिऱ्हाइकांच्या ओळींत उतरला, आणि धुळ्याहून आलेल्या एका विक्रेत्याच्या नावापुढे कायमची पंप दुरुस्ती लागली.

बायकोला हे सगळं फार लागायचं. सख्खा मामा गावात येतो, जेवून जातो, पण झोपायला परक्याच्या पलंगावर, म्हणजे भाचीचं घर त्याला टोचतं की काय? तिने यावरून वर्षभर अबोला धरून पाहिला. मामांनी तो शांतपणे पाळला आणि लॉजवरच उतरले.

गेल्या वर्षी मामींना गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि नंतर पाच आठवडे रोज रेडिएशनसाठी नाशिकच्या दवाखान्यात जायचं ठरलं. बायकोने आतली खोली रिकामी केली, खिडकीला नवे पडदे लावले. मामांनी मामींना बसमधून उतरवलं आणि लॉजवर नेलं.

बायको त्याच दुपारी मला घेऊन तिथे पोहोचली. मामा काउंटरजवळच्या बाकावर बसले होते.

"आजारी बाईला लॉजवर ठेवता, मामा? मी मेले होते का?"

मामांनी तिला शेजारी बसवलं. "तुझ्याकडं आणली असती तर काय झालं आसतं, सांग. तू म्हणली आसतीस, मामी, पडून ऱ्हा. ती पडली आसती दहा मिनिटं. मग आली आसती वट्याजवळ. लसूण सोलू का, म्हणली आसती."

बायकोने जिन्याकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं बघतोय मी. घर दिसलं की हिचे हात चालू व्हत्यात. लेकीच्या बाळंतपणात दोन दिवस दवाखान्यात व्हती, तर तिथल्या आयाला फडकं धुऊन देत व्हती. माझं किती आयकती? इथं ना चूल हाय, ना झाडू. आता वर जाऊन बघ. झोपली हाय."

आम्ही वर गेलो. मामी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. बायकोने दार हलकेच ओढून घेतलं. पाच आठवडे तिने डबा पोहोचवला, पण घरी चला, असं पुन्हा म्हणाली नाही.

मामी बऱ्या झाल्या. कळवणला परतल्या आणि सांगायला नकोच, दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपुढे होत्या. मामा फोनवर तेवढंच म्हणाले, "लागली कामाला." आवाजात आनंद होता की हार, मला कळलं नाही.

या फेब्रुवारीत दोघं पुन्हा आले. तपासणी नव्हती, लग्न नव्हतं, कुणाकडे काही नव्हतं. मामींनीच म्हणे सांगितलं होतं, दोन दिवस तिथे नेऊन आणा. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही भेटायला गेलो. मामा बाहेर व्हरांड्यात चहा पीत उभे होते. आत मामी पलंगावर आडव्या होत्या, पायावर पाय टाकून, पंख्याकडे बघत. आम्हाला पाहूनही उठल्या नाहीत. पदरही सावरला नाही. "या, बसा," एवढंच म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

परतताना रिक्षात बायको बाहेर बघत बसली होती. इंदिरानगरचं वळण आल्यावर बाहेर बघतच तिने विचारलं,

"त्या लॉजवर खोली आधी सांगून ठेवावी लागते का रे?"