स्वरलिपीच्या फॉन्टचं नाव

साताऱ्याहून माझ्या गुरुजींच्या बंदिशी छापायला मी सांगलीला गेलो, तेव्हा फ्लॉपीचे दिवस होते. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्यानं कोमल सुराखालच्या रेघेसकट स्वरलिपीचा फॉन्ट स्वतः काढला होता. नाव दिल्याशिवाय तो सेव्ह होईना, आणि लाईट तर सारखी कमी-जास्त होत होती.

"गुरुजींचं नाव टाका, लवकर!" मी ओरडलोच.

त्यानं पँटला बोट पुसलं, पण कळ दाबेना.

"आवं, गुरुजींचं नाव पुस्तकावर हायच की. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून ह्या रेघा छापनारा म्हातारा माज्या मशिनीपायी घरी बसला. त्येचं नाव कुटं हाय?"

एकेक अक्षर दाबत त्यानं म्हाताऱ्याचं नाव टाकलं.

गुरुजींची आधीची सगळी पुस्तकं जुळवणाऱ्याचं नाव मला तेव्हा कळलं. कॉम्प्युटरवाल्याचं विचारायचं मात्र राहूनच गेलं.